झाकली मूठ आणि तिचा बाजारभाव

ॲशली मॅडिसन हे टोरंटोतलं संकेतस्थळ. विवाहित लोकांना विवाहबाह्य जोडीदार मिळवून देणं हा त्याचा उघड धंदा, आणि ‘आयुष्य थोडं आहे, एखादं प्रकरण करा’ अशा अर्थाचं ब्रीदवाक्य. जुलै २०१५ मध्ये स्वतःला ‘इम्पॅक्ट टीम’ म्हणवणाऱ्या हॅकरांनी कंपनीला धमकावलं की दुकान बंद करा, नाहीतर सगळी माहिती जाहीर करू. कंपनीने ऐकलं नाही. ऑगस्टमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांची माहिती चव्हाट्यावर आली आणि जगभरची वर्तमानपत्रं यादीत ओळखीची नावं शोधायला लागली.

नावांच्या पलीकडे त्या ढिगाऱ्यात अर्थशास्त्राचा एक छान धडा पडलेला आहे. कुठल्याही बाजारात समोरच्याला काहीतरी पटवावं लागतं. माल चांगला आहे, पैसे देईन, फसवणार नाही, वगैरे. या बाजारात गंमत अशी की पटवायला जो पुरावा द्यावा, तोच उद्या आपल्या विरोधात वापरला जाऊ शकतो. फोटो दिला तर ओळख पटेल, खरं नाव दिलं तर बायकोच्या मैत्रिणीला सापडेल, ऑफिस सांगितलं तर संपलंच. काहीच दिलं नाही तर कोण विश्वास ठेवणार? नीती-अनीतीची चर्चा या विषयावर भरपूर होते, ती इथे करत नाही. प्रश्न एवढाच आहे की अशा कोंडीत माणसं एकमेकांना ओळखतात कशी, आणि त्यातून पैसा कोण कमावतं.

आधी कुणाला काय हवं असतं ते पाहू. गॅरी बेकर या शिकागोच्या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये लग्नाकडे बाजार म्हणून पाहणारा सिद्धांत मांडला, त्यावर तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पुढे १९९२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर लग्न म्हणजे दोघांनी मिळून चालवलेला एक कारखाना. स्वयंपाक, मुलं, आजारपण, घराचे हप्ते, म्हातारपण, सगळं तिथे ‘तयार’ होतं. साहजिकच जोडीदार निवडताना गठ्ठा निवडावा लागतो. स्वभाव आवडला म्हणून त्याचा पगार, त्याचं घोरणं आणि त्याची आई वगळून चालत नाही.

आपल्याकडच्या गठ्ठ्यात जात केवढी जड असते हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या ‘आनंदबाजार पत्रिका’तल्या लग्नाच्या जाहिराती अभ्यासून दाखवलं. २०१३ मध्ये छापलेल्या त्या निबंधात एक हिशोब आहे. जातीबाहेरचा नवरा टाळण्यासाठी मुलीकडचे लोक अजिबात न शिकलेला आणि एम.ए. झालेला यांच्यातल्या फरकाएवढं शिक्षण सोडायला तयार असतात! पुण्या-नागपूरच्या वधू-वर सूचक मंडळात बसलेल्या कुणालाही या आकड्याचं नवल वाटणार नाही.

चोरट्या संबंधात हा गठ्ठा सुटतो. तिथे म्हातारपणाची सोय बघायची नसते, मुलं कुणाच्या वळणावर जातील याची काळजी नसते, आणि पत्रिका मागायला आत्याबाई बसलेल्या नसतात. त्यामुळे लग्नाच्या बाजारात ज्या गोष्टींना भाव असतो त्यातल्या कितीतरी इथे बिनकामाच्या ठरायला हव्यात. उत्पन्नाचंच घ्या. अमेरिकेतल्या नेहमीच्या डेटिंग संकेतस्थळांच्या अभ्यासात बायका पुरुषाच्या उत्पन्नाला पुरुषांपेक्षा जास्त वजन देतात असं दिसलं आहे. पण पोशिंदा घरी आधीच असेल तर दुसरा कशाला हवा? तर्क असं सांगतो की पगाराचा भाव इथे उतरावा, आणि वेळ, रूप, गप्पा, तोंड बंद ठेवण्याची अक्कल यांचा चढावा. अर्थात हॉटेलचं बिल कुणीतरी द्यावं लागतंच, म्हणून पगार शून्यावर येत नाही.

येल विद्यापीठाच्या रे फेअर यांनी १९७८ मध्ये याच गोष्टीचं गणित केलं होतं. माणसाकडे दिवसाचे तास मोजके. ते काम, जोडीदार आणि ‘तिसरी व्यक्ती’ यांत तो कसे वाटतो? त्यांच्याकडची आकडेवारी दोन अमेरिकी मासिकांनी १९६९ आणि १९७४ मध्ये वाचकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांची होती. लग्न जितकं जुनं तितकी प्रकरणाची शक्यता जास्त, लग्नात सुख जितकं जास्त तितकी कमी, धार्मिकता जास्त तर कमी, असा ढोबळ निष्कर्ष निघाला. त्यातली ६०१ जणांची एक सारणी आजही संख्याशास्त्र शिकणारी मुलं सरावाला घेतात. कुणा अनोळखी माणसांची जुनी लफडी, आणि त्यांवर परीक्षेचे गुण.

फेअर यांचं चित्र म्हणजे घरी नाही म्हणून बाहेर. २०२३ मध्ये डिलन सेल्टरमन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत खुद्द ॲशली मॅडिसनच्या सभासदांना प्रश्न विचारले तेव्हा ते चित्र डळमळलं. बहुतेकांनी आपलं जोडीदारावर बऱ्यापैकी प्रेम असल्याचं सांगितलं, पश्चात्ताप फारसा नोंदवला नाही, आणि बाहेर जाण्यामागे शारीरिक संबंधांतली उणीव हे मोठं कारण दिलं. स्वतःबद्दल स्वतःच दिलेली उत्तरं जपूनच घ्यावी लागतात, हे खरं. पण अर्थशास्त्राच्या भाषेत हा फरक मोठा आहे. पहिल्या चित्रात प्रकरण म्हणजे लग्नाला पर्याय. दुसऱ्यात ते पूरक, म्हणजे घर मोडायचं नाहीच, एक उणीव तेवढी बाहेरून भरायची. आणि पूरक हवं असणारा माणूस घर वाचवण्यासाठी जास्त घाबरतो. हे पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे.

आता पटवण्याचा प्रश्न. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक कल्पना मांडली, तिला संकेत म्हणतात. पदवीने कामात काही भर पडो न पडो, मालक तिच्याकडे बघतो, कारण हुशार मुलाला ती मिळवणं सोपं जातं आणि ढ मुलाला फार कष्टाचं. संकेत चालण्याची अट हीच की खऱ्याला तो परवडावा आणि खोट्याला महाग पडावा. ‘मी प्रामाणिक आहे’ असं नुसतं लिहायला दोघांनाही काहीच लागत नाही, म्हणून त्याला किंमत नाही.

लग्न ठरवताना ही पडताळणी आपले लोक किती बारकाईने करतात बघा. कांदेपोह्यांच्या आधीच मुलाचा मामा कंपनीत कुणालातरी फोन करून ‘पॅकेज खरं आहे ना’ विचारतो. सोसायटीच्या वॉचमनकडे चौकशी होते. जुन्या भाडेकरूला गाठलं जातं. मुलाने उंची दोन इंच वाढवून सांगितली असेल तर पहिल्याच भेटीत कुणीतरी मावशी डोळ्यांनी मापून घेते. ही सगळी फुकटातली तपासयंत्रणा आहे, आणि चोरट्या बाजारात तिचा एकही धागा वापरता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये साध्या डेटिंग संकेतस्थळांवरच्या ८० जणांना प्रयोगशाळेत बोलावून त्यांची उंची, वजन आणि वय प्रत्यक्ष तपासलं, तर दहापैकी आठ जणांनी निदान एका बाबतीत थाप मारलेली निघाली. थापा बहुतेक छोट्या होत्या, कारण पुढे भेटायचं असतं. जिथे मामा नाही, मावशी नाही आणि भेट होईलच याचीही खात्री नाही, तिथे काय होत असेल?

मग उरतं काय? माझ्या मते या बाजारातला सगळ्यात जोरकस संकेत म्हणजे लग्न झालेलं असणं, जो इतर कुठल्याही डेटिंगमध्ये अवगुण ठरेल. इथे थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाची एक जुनी कल्पना कामाला येते. अपहरण करणाऱ्याला पश्चात्ताप होतो, त्याला ओलिसाला सोडून द्यायचं आहे, पण सुटल्यावर हा पोलिसांत जाईल ही भीती. ओलीस शपथ घेतो, पण शपथेवर कोण विश्वास ठेवणार? शेलिंग म्हणतात, ओलिसाने स्वतःचं एखादं काळं कृत्य अपहरणकर्त्याला सांगून टाकावं. आता दोघांच्याही शेंड्या एकमेकांच्या हातात. वचन आपोआप पाळलं जातं.

विवाहित माणूस विवाहितच शोधतो तो या हिशोबाने. अविवाहित व्यक्तीला गमावण्यासारखं कमी. ती उद्या हट्ट धरू शकते, घरी फोन करू शकते, ‘आपलं पुढे काय’ विचारू शकते. घरी दोन मुलं आणि सासूसासरे असलेल्या बाईला गोष्ट फुटण्याची तेवढीच भीती आहे जेवढी याला. ‘मी विवाहित आहे’ हे पटवायचं कसं, हा पुढचा पेच. फोटोत मंगळसूत्र कुणीही घालेल. इथे अडचणीच पुराव्याचं काम करतात. संध्याकाळी सातनंतर उत्तर नाही, रविवारी गायब, ‘फोन करू नकोस, मीच करेन’, मेसेज मध्येच तुटला आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला परत सुरू झाला. हे सगळं गैरसोयीचं आहे, आणि गैरसोय मुद्दाम ओढवून घ्यायला खोट्याला कंटाळा येतो. स्पेन्स यांच्या अटीच्या जवळपास जाणारा संकेत हाच.

चेहऱ्याच्या बाबतीत संकेतस्थळाने मधला रस्ता काढला होता. फोटोवर मुखवटा लावा, धूसर करा, आणि खरे फोटो कुलपात ठेवून ज्याला वाटेल त्यालाच ‘किल्ली’ द्या. कल्पना चांगली, माहिती हप्त्याहप्त्याने उघड करायची. पण २०१७ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की एकाने किल्ली पाठवली की दुसऱ्याचीही आपोआप त्याच्याकडे जाईल, अशीच मूळ मांडणी होती. बहुतेक लोक मांडणी बदलायला जात नाहीत.

वयाचा एक किस्सा सांगायलाच हवा. ॲडम ऑल्टर आणि हॅल हर्शफील्ड यांनी २०१४ मध्ये अशाच एका संकेतस्थळावरच्या ८० लाखांहून अधिक पुरुषांची वयं पाहिली. २९, ३९, ४९, ५९, म्हणजे शेवटी ९ असलेल्या वयाचे पुरुष अपेक्षेपेक्षा जवळपास १८ टक्के जास्त निघाले. लेखकांनी याचा अर्थ असा लावला की नवं दशक तोंडावर आलं की माणूस आयुष्याचा ताळेबंद मांडतो आणि काहीबाही करून बसतो. असेलही. मला मात्र शंका येते की यातले बरेच जण ४१-४२ चे असावेत. शोधणाऱ्याने ‘चाळीसच्या आत’ अशी चाळणी लावली तर त्यात बसायला ३९ हा सगळ्यात कमी थापेचा आकडा आहे. नुसतं नोंदवलेलं वय पाहून घालमेल आणि थाप वेगळी करता येत नाही.

आता पैशाचा खेळ. पुरुषांनी क्रेडिट विकत घ्यायची, प्रत्येक नव्या बाईला पहिला मेसेज पाठवला की त्यातली काही कापली जायची. बायकांना प्रवेश फुकट. दोन बाजूंच्या बाजारात ज्या बाजूची टंचाई असते तिला सवलत देऊन दुसऱ्या बाजूकडून वसुली करायची, ही रीत क्लबच्या ‘लेडीज नाइट’पासून सगळीकडे आहे. वरवर पाहता मेसेजला पैसे पडणं हा चांगला संकेत वाटतो, कारण फुकट्यांची गर्दी कमी व्हायला हवी. पण पैसे बाईला मिळत नाहीत, कंपनीला मिळतात. आणि ज्याने शंभर क्रेडिट घेतली तो ती वीस जणींना ‘हाय, कशी आहेस’ पाठवण्यात उडवतो. बाईच्या पेटीत तसल्या मेसेजांचा खच. त्यातला कुणी तिचं प्रोफाइल वाचून लिहिलंय, कळायला मार्ग नाही.

यावर दक्षिण कोरियात एक सुंदर प्रयोग झाला. सूह्युंग ली आणि म्युरिएल नीडर्ले यांनी लग्नाळू लोकांच्या ऑनलाइन मेळाव्यात प्रत्येकाला दोन आभासी गुलाब दिले, काहींना आठ. भेटीची विनंती गुलाबासह पाठवता येईल, पण गुलाब संपले की संपले. गुलाबासह आलेल्या विनंत्या स्वीकारल्या जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. गुलाबाला पैसे पडले नव्हते. तो मोजका होता, म्हणून तो तुला दिला याचा अर्थ दुसरीला दिला नाही. मग कुठल्याही कंपनीला मेसेजांवर असं बंधन सहज घालता आलं असतं, ते का घातलं नाही? कारण क्रेडिटचा धंदा जास्त मेसेजांवर चालतो. शिवाय गुलाब ‘मला तू आवडलीस’ एवढंच सांगतो. ‘मी तुला अडचणीत आणणार नाही’ हे सांगायची त्याची ताकद नाही.

आणि इथेच तो डेटाचा ढिगारा बोलायला लागतो. गिझमोडो या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या ॲनली न्यूइट्झ यांनी फुटलेली माहिती चाळली. बायकांच्या हजारो खात्यांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा संगणकाचा पत्ता, १२७.०.०.१ होता. संगणकाच्या भाषेत त्याचा अर्थ ‘हाच संगणक’. म्हणजे ती खाती कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावरून उघडलेली. सुरुवातीला न्यूइट्झ यांनी लिहिलं की पेटी उघडणाऱ्या बायका जवळपास नव्हत्याच. नंतर प्रोग्रामचा कोड हाती आल्यावर त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली, की पेटी उघडल्याची नोंद म्हणून धरलेले रकाने खऱ्या बायकांचे नसून बॉटच्या, म्हणजे माणसाचं सोंग घेऊन आपोआप मेसेज टाकणाऱ्या प्रोग्रामच्या, हालचालींची नोंद ठेवणारे आहेत. दुरुस्तीने गोष्ट जास्तच रंगली. स्त्रीच्या रूपातले बॉट ७०,५२९. पुरुषाच्या रूपातले ४३. बॉटनी पुरुषांच्या पेट्यांत दोन कोटींवर मेसेज टाकले होते, बायकांच्या पेट्यांत १,४९२. गप्पांची सुरुवात बॉट करायचा आणि उत्तर द्यायचं तर पुरुषाने क्रेडिट घ्यायची.

बॉटचं हे गुणोत्तर मला कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा खरं वाटतं. या बाजारात टंचाई कशाची आहे हे कंपनीला नेमकं ठाऊक होतं, आणि तिने नेमकी तीच वस्तू बनावट तयार केली.

बनावट संकेतांची मालिका तिथे थांबत नाही. मुखपृष्ठावर ‘विश्वासू सुरक्षा पुरस्कार’ असा एक शिक्का होता. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या गोपनीयता आयुक्तांनी २०१६ मध्ये चौकशी केली तेव्हा तो कंपनीने स्वतःच बनवल्याचं उघड झालं. पुढे हमी. ठरावीक महागडं पॅकेज घ्या, प्रकरण जुळलं नाही तर पैसे परत. अर्थशास्त्रात वॉरंटी हा उत्तम संकेत मानतात, कारण वाईट माल विकणाऱ्याला ती दिवाळ्यात काढेल. पण ‘माझं काही जुळलं नाही, पैसे द्या’ म्हणून ग्राहक न्यायालयात कोण जाईल? तक्रार करणं म्हणजे कबुली देणं. ग्राहकाची लाज हीच विक्रेत्याची ढाल होते.

तिसरं म्हणजे १९ डॉलर घेऊन ‘संपूर्ण पुसून टाकण्याची’ सोय. पैसे भरून पुसलेल्या लोकांचीही माहिती कंपनीकडे बारा महिन्यांपर्यंत पडून होती, आणि ती बाकीच्यांबरोबर फुटली. शेलिंग यांच्या हिशोबातली ही फट. दोन ओलीस एकमेकांच्या हातात सुरक्षित होते, पण दोघांच्याही नाड्या तिसऱ्याच्या तिजोरीत होत्या, आणि त्या तिसऱ्याला गमावण्यासारखं फार थोडं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि काही राज्यांशी तडजोड झाली. रक्कम ठरली १ कोटी ७५ लाख डॉलर. कंपनीची ऐपत नाही म्हणून प्रत्यक्ष भरले १६ लाख. कंपनीने आईबापाने ठेवलेलं ॲव्हिड लाइफ मीडिया हे नाव बदलून तोवर रूबी असं करून घेतलं होतं. संकेतस्थळ आजही चालू आहे.

आपल्याकडेही हा धंदा पोचला आहे. ग्लीडेन हे २००९ मध्ये सुरू झालेलं फ्रेंच संकेतस्थळ भारतात चालतं, तिथेही पुरुषांना क्रेडिट आणि बायकांना फुकट. व्यभिचार गुन्हा ठरवणारं भारतीय दंड विधानाचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला जोसेफ शाइन खटल्यात रद्द केलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते नाही. तुरुंगाची किंमत गेली. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचं कारण म्हणून मात्र व्यभिचार अजून आहेच. जुन्या कलमातही शिक्षा फक्त परपुरुषाला होती, बाईला नव्हती. तरी बाईने मोजायची किंमत कधीच कलमावर अवलंबून नव्हती. माहेर, मुलांचा ताबा, पोटगी, वस्तीतली बोलणी, आणि कधी कधी जीव. प्रवेश फुकट ठेवल्याने यातलं काही कमी होत नाही. म्हणून रुपयांत शून्य भाव लावूनही टंचाई संपत नाही, आणि ७०,५२९ चा आकडा मला अजिबात फुगलेला वाटत नाही.

फुटलेल्या यादीचा एक उपयोग कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. जॉन ग्रिफिन, सॅम्युएल क्रुगर आणि गोन्झालो मातुराना यांनी तिच्यातल्या पैसे भरणाऱ्या सभासदांची नावं इतर नोंदींशी जुळवली. नुसती ईमेलची यादी निरुपयोगी होती, कारण नोंदणी करताना ईमेल पडताळला जात नसे. कुणीही कुणाचाही टाकावा. कार्डाने पैसे भरणं ही वेगळी गोष्ट, तो महागडा संकेत. २०१९ मध्ये त्यांनी मांडलं की शिकागोचे पोलीस, आर्थिक सल्लागार, पांढरपेशे गुन्हेगार आणि कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी, चारही गटांत गैरवर्तन करणाऱ्यांमध्ये या संकेतस्थळाचे ग्राहक असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीय जास्त होतं. म्हणजे जे पैसे गुप्तता विकत घेण्यासाठी मोजले, त्याच पैशांच्या पावतीवरून अभ्यासकांनी कामाच्या ठिकाणची सचोटी जोखली. प्रमाण गटाचं असतं, एका माणसाबद्दल त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण पार्श्वभूमी तपासून देणाऱ्या कंपन्यांना हा बारकावा कुणी समजावून सांगायचा हा प्रश्न आहे.